बावीस अंश

बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या हवेला माल्टचा वास,
ढग खाली उतरले की जास्तच.
या गावात यीस्टने गल्ल्या वसवल्या, बँका बांधल्या.
आता कालव्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात,
त्याचं एक दूरचं भावंड
दूध पचवणारं एन्झाइम बनवायला शिकतंय.
त्याच्यात आम्ही एका बुरशीचं जनुक घातलंय.
उसनं. परत न करण्याच्या बोलीवर.

पहिली बॅच. अठ्ठावीस अंश, पीएच पाच,
ग्लिसरॉल हवं तेवढं.
पेशी अशा माजल्या की भांड्यात चमचा उभा राहावा.
एन्झाइम नावाला.
"पोट भरलेल्याला कामाला कोण लावणार?"
टनिक्लिफ म्हणाला.
एकतीस वर्षं ब्रुअरीत काढून तो इथे आला,
ब्रुअरीच्या जागी फ्लॅट उभे राहिले तेव्हा.
पडद्याकडे न बघता, भांड्याला तळवा लावून
तो सांगतो, झोपलेत की जागे.
दहातून सहा वेळा बरोबर.
मी मोजलंय.

दुसरीला उपाशी ठेवलं.
ग्लिसरॉल संपतं त्या क्षणी ऑक्सिजनची रेघ
कडा चढल्यासारखी सरळ वर जाते:
खायला नाही, म्हणून श्वासही कुणी घेत नाही.
मग द्यायचं मिथेनॉल.
म्हणजे विष. इतकं थोडं,
की त्यांना ते जेवण वाटावं.
पंपाच्या आकड्यात माझं एक शून्य जास्त पडलं.
पहाटे चारला फेस बसलेला,
भांडं गढूळ आणि गप्प.
कुणाला फोन केला नाही. मारायचं जे उरलं होतं
ते वाफेने मारलं, ओतलं, भांडं घासलं,
वहीत लिहिलं: चूक माझी.
या वहीत खाडाखोड चालत नाही.
एक आडवी रेघ, सही, तारीख.

तिसरी, चौथी, पाचवी.
पीएच सहा. पीएच साडेतीन.
जे काही तयार होतं ते त्यांचेच प्रोटीएज कुरतडून टाकतात,
घरचेच उंदीर.
डॉ. प्रिचर्ड दारातून विचारतात,
लिटरला किती?
मी आकडा सांगते. त्या दार लावून घेतात.

सहावीच्या रात्री चिलरचा व्हॉल्व्ह उघडा अडकला.
फेसाच्या अलार्मला कंटाळून मी सगळेच अलार्म बंद केले होते
आणि डबा खात बसले होते,
थंड पोळी, मटकीची उसळ.
सव्वीस. चोवीस. मान वर केली तेव्हा बावीस.
स्पॅनर हातात घेतला.
मग ती रेघ पाहिली.
संथ होती, पण श्वास चालू होता.
स्पॅनर खाली ठेवला.
का, ते अजून सांगता येत नाही.
वहीतल्या 'कारण'च्या रकान्यात मी लिहिलं
'निरीक्षणासाठी'.

तीन दिवसांनी नमुना फिरवून, साका खाली बसवून
वरचं निवळ पाणी घेतलं,
त्यात अभिकर्मकाचे थेंब.
आधी काही नाही.
मग कुणी हळदीचे हात बुडवावेत तसा पिवळा,
आणि चढतच गेला,
यंत्राच्या मापाबाहेर.
दहापट पाणी घालून पुन्हा मोजावं लागलं.

टनिक्लिफने नळी खिडकीशी धरली.
त्याचा चहा काळा असतो, लहानपणापासून,
दूध त्याला सोसत नाही.
"म्हणजे आता मी..."
"नाही," मी म्हटलं. "चार वर्षं. आणि ढीगभर कागद."
तो हसला, काळा चहा ओतून घेतला,
माझ्या कपात दूध घातलं,
नेहमीपेक्षा जरा जास्तच.

सातवी, मुद्दाम बावीसवर: जमली.
आठवी जमली.
नववीत निम्मंच आलं. तेच बी, तेच पाणी, तोच पंप.
डॉ. प्रिचर्डना कारण हवंय.
मलाही.

आज दहावी.
बाहेर कालव्यावर धुकं, आत मोटारीची घरघर.
टनिक्लिफ काचेला तळवा लावून उभा.
"जागेत," म्हणतो.
रेघ अजून काहीच म्हणत नाही.
मी पेनाचं टोपण काढून थांबते.